पैठणचा माल आणि भडोचचे कोळी

क्रांती चौकापासून सुमारे ५० किलोमीटरवरील पैठण, म्हणजेच प्राचीन प्रतिष्ठान, इ. स. पहिल्या शतकातही नामांकित बाजारपेठ होते. ‘पेरिप्लस’ या तत्कालीन ग्रीक सागरी वृत्तांतानुसार पैठणची मौल्यवान खडे-रत्ने व तेरचे तलम कापड गाड्यांतून भडोच बंदरी जाई. तेथून शिडाची जहाजे तांबड्या समुद्राकडे निघत.

परंतु नर्मदेचे मुख अत्यंत धोक्याचे होते. भरतीच्या लोंढ्यात मोठी जहाजे उथळ वाळूवर रुतत, लहान होड्या उलटत. म्हणून राजसेवेतील कोळी मोठ्या नावांतून थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परदेशी जहाजे सुखरूप बंदरात आणीत.

त्या वृत्तांतात मालाची यादी तपशीलवार आहे. त्या कोळ्यांपैकी एकाचेही नाव नाही. व्यापाऱ्यांच्या वैभवात या अनामिकांचाही वाटा होता, याचे स्मरण असावे.