चाळीस टक्क्यांची अट: स्कॉटलंड, १९७९

#इतिहास #दीर्घधागा

१ मार्च १९७९. स्कॉटलंडच्या मतदारांपुढे प्रश्न एकच होता. एडिनबऱ्यात निर्वाचित विधानसभा स्थापन करणारा, ब्रिटिश संसदेने आदल्या वर्षीच संमत केलेला कायदा अमलात यावा काय? 'होय' म्हणणारे निघाले १२,३०,९३७ आणि 'नाही' म्हणणारे ११,५३,५०२. म्हणजे होकाराची सरशी झाली ७७,४३५ मतांनी.

विधानसभा मात्र आली नाही. उलट चार आठवड्यांच्या आत लंडनमधील सरकार कोसळले, मार्गारेट थॅचर यांच्या अठरा वर्षे टिकलेल्या पक्षराजवटीचा दरवाजा उघडला आणि स्कॉटलंडच्या राजकारणाला एक ठसठसणारी जखम झाली. ज्या बाजूला अधिक मते, ती बाजू हरली कशी? या धाग्यात त्या एका अटीचा इतिहास पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी. १७०७ मध्ये स्कॉटलंडची संसद इंग्लंडच्या संसदेत विलीन झाली. न्यायव्यवस्था, चर्च आणि शिक्षण वेगळे राहिले, पण कायदे करण्याचे ठिकाण लंडन झाले. पुढची अडीच शतके या व्यवस्थेविरुद्ध कुरकुर होत राहिली. तिला निवडणुकीत वजन मात्र नव्हते. साम्राज्याच्या सैन्यात, व्यापारात आणि प्रशासनात स्कॉटिश माणसाला मोठा वाटा मिळत होता, तोवर विलीनीकरण परवडत होते. साम्राज्य आटले, क्लाईड नदीकाठचे जहाजबांधणीचे कारखाने मंदावले आणि हिशेब बदलू लागला. नोव्हेंबर १९६७ मध्ये हॅमिल्टनच्या पोटनिवडणुकीत विनी यूइंग यांनी स्कॉटिश नॅशनल पार्टीतर्फे मजूर पक्षाचा बालेकिल्ला जिंकला, तेव्हा लंडनचे पुढारी प्रथम दचकले.

मग तेल आले. १९७० मध्ये उत्तर समुद्रात फोर्टीज हे मोठे तेलक्षेत्र सापडले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि काही महिन्यांत जागतिक भाव सुमारे चौपट झाले. 'हे तेल स्कॉटलंडचे' ही राष्ट्रवाद्यांची घोषणा एरवी भाबडी वाटली असती. आखातातल्या घडामोडींनी तिला अर्थशास्त्र पुरवले. स्कॉटलंडचे राजकारण केवळ स्कॉटलंडमध्ये घडते असे मानणाऱ्यांनी ही दोन वर्षे तरी बारकाईने वाचावीत. ऑक्टोबर १९७४ च्या निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीला स्कॉटलंडमध्ये तीस टक्क्यांहून अधिक मते आणि ११ जागा मिळाल्या. त्याच वर्षी सरकारी अर्थतज्ज्ञ गॅव्हिन मॅक्रोन यांनी एक टिपण लिहिले. स्वतंत्र स्कॉटलंडला तेलाच्या महसुलामुळे प्रचंड शिलकीची अर्थव्यवस्था लाभू शकेल, असा त्याचा निष्कर्ष होता. ते टिपण गोपनीय ठेवले गेले आणि २००५ मध्ये माहितीच्या अधिकारामुळे लोकांसमोर आले. तोपर्यंत निम्मे तेल उपसून झाले असावे, असे कोणी चिडून म्हणाले तर त्या चिडीचे कारण समजू शकते.

लंडनमध्ये मजूर पक्षाचे सरकार होते, तेही अवघ्या तीन जागांच्या आधिक्याचे. पोटनिवडणुकांनी ते आधिक्यही संपवले. १९७६ मध्ये पौंड घसरला आणि ब्रिटनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे कर्जासाठी हात पसरावा लागला. अशा अवस्थेत पंतप्रधान जेम्स कॅलहॅन यांना दर विधेयकासाठी छोट्या पक्षांची मनधरणी करावी लागे. स्कॉटलंडला विधानसभा देण्याचे आश्वासन हा त्या मनधरणीचाच एक भाग होता. खरे सांगायचे तर मजूर पक्षाच्या अनेक खासदारांना ती मनापासून नको होती. स्कॉटलंडमधील त्यांचेच खासदार टॅम डिएल यांनी विचारलेला प्रश्न आजही जिवंत आहे: विधानसभा आल्यावर मी इंग्लंडच्या शाळांवर मत देऊ शकेन, पण माझ्याच मतदारसंघातल्या शाळांवर देऊ शकणार नाही, हे कसे? त्यांच्या मतदारसंघावरून त्याला 'वेस्ट लोदियन प्रश्न' हे नाव पडले.

विधेयक उघडपणे पाडणे स्वपक्षीयांना शक्य नव्हते. मग त्याला अटी चिकटवणे सुरू झाले. पहिली अट सार्वमताची. दुसरी, आणि निर्णायक, अट आली २५ जानेवारी १९७८ च्या रात्री. हा कवी रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस. स्कॉटिश लोक जगभर तो मेजवान्यांनी साजरा करतात. त्या रात्री कॉमन्स सभागृहात जॉर्ज कनिंगहॅम यांची उपसूचना मताला आली. कनिंगहॅम जन्माने स्कॉटिश, मजूर पक्षाचे, पण लंडनमधील इस्लिंग्टनचे खासदार. उपसूचना अशी की, केवळ झालेल्या मतदानात बहुमत मिळून भागणार नाही. एकूण पात्र मतदारांपैकी किमान ४० टक्क्यांनी 'होय' म्हटले पाहिजे. सरकारचा विरोध असूनही ती १६६ विरुद्ध १५१ मतांनी संमत झाली.

या अटीचे अंकगणित नीट पाहण्याजोगे आहे. मतदान ८० टक्के झाले तर साधे बहुमत पुरेसे ठरते. ६४ टक्केच झाले, तर होकाराला झडलेल्या मतांपैकी साडेबासष्ट टक्के मिळवावी लागतात. म्हणजे घरी बसलेला माणूस व्यवहारात 'नाही' म्हणणारा ठरतो. आजारी, उदासीन, कामावरून न सुटलेला, बर्फात अडकलेला, सगळे एकाच खात्यात.  दोन ठिकाणी नोंद असलेले विद्यार्थी आणि परिचारिका, अठरा वर्षे पूर्ण न झालेले तरुण, कैदी अशांची अंदाजाने वजावट करून पात्र मतदारांची संख्या सुमारे ३७ लाख ४७ हजार धरण्यात आली. एवढ्या मोठ्या घटनात्मक निर्णयाचा छेद असा अंदाजपंचे ठरवला जावा, याचे नवल वाटते.

सार्वमत आले तेही वाईट मुहूर्तावर. १९७८-७९ चा हिवाळा ब्रिटनच्या स्मरणात 'असंतोषाचा हिवाळा' म्हणून राहिला आहे. संप, रस्त्यांवर साचलेला कचरा, अडलेली मालवाहतूक. सरकारवर लोक संतापलेले आणि विधानसभा ही त्याच सरकारची योजना. त्यात माजी पंतप्रधान अ‍ॅलेक डग्लस-ह्यूम यांनी 'नाही' म्हणा, हुजूर पक्ष याहून चांगले विधेयक आणील, असा सल्ला दिला. स्वायत्ततेचे समर्थक मानले जाणारे ह्यूम असे म्हणतात, म्हटल्यावर कुंपणावरचे बरेच जण नकाराकडे कलले असणार. हुजूर पक्षाने पुढच्या अठरा वर्षांत असे कोणतेही विधेयक आणले नाही.

निकाल: होकार ५१.६ टक्के, मतदान सुमारे ६४ टक्के, पात्र मतदारांच्या प्रमाणात होकार ३२.९ टक्के. चाळीसच्या रेषेला सुमारे २ लाख ६८ हजार मते कमी पडली.

येथे राष्ट्रवाद्यांच्या आवडत्या कथेला थोडा छेद देणे भाग आहे. 'आमचा विजय चोरला' हे अर्धेच सत्य. अट एक तृतीयांशाची असती तरीही होकार काठावर हुकला असता. शिवाय बारा प्रदेशांपैकी सहाच प्रदेशांनी होकार दिला. ग्लासगोभोवतालचा औद्योगिक पट्टा अनुकूल होता, सीमेलगतचा शेतकरी दक्षिण भाग प्रतिकूल, आणि ऑर्कनी व शेटलंड या उत्तरेकडील बेटांनी तर प्रचंड बहुमताने नकार दिला. ज्या शेटलंडच्या किनाऱ्यावर तेल उतरत होते, त्यांना लंडनइतकाच एडिनबऱ्याचाही धसका होता. वेल्समध्ये त्याच दिवशी झालेल्या सार्वमतात तर जवळपास ऐंशी टक्के लोक 'नाही' म्हणाले. तिथे वादालाच जागा उरली नाही.

आता एक तपशील, जो बहुतेक ठिकाणी गाळला जातो. चाळीस टक्के न मिळाल्यास कायदा आपोआप रद्द होणार नव्हता. तो रद्द करण्याचा आदेश मंत्र्यांनी संसदेपुढे ठेवायचा आणि संसदेने त्यावर मत द्यायचे, असे कलम होते. म्हणजे सरकारने आपल्या खासदारांना आदेशाविरुद्ध मत द्यायला लावले असते, तर विधानसभा वाचू शकत होती. कॅलहॅन यांना ठाऊक होते की त्यांचेच खासदार ऐकणार नाहीत. त्यांनी सर्वपक्षीय चर्चेचा प्रस्ताव पुढे करून वेळ काढायला सुरुवात केली. स्कॉटिश नॅशनल पार्टीचा धीर सुटला आणि तिने अविश्वास ठराव मांडला. संधी दिसताच थॅचर यांनी विरोधी पक्षनेत्या म्हणून आपला ठराव पुढे केला. कॅलहॅन भाषणात राष्ट्रवाद्यांना उद्देशून म्हणाले की, नाताळ लवकर यावा म्हणून मत देणारे टर्की पक्षी इतिहासात प्रथमच दिसत आहेत. नाताळच्या पानात टर्की वाढला जातो हे लक्षात घेतले की टोमण्याची धार कळते.

२८ मार्च १९७९ ची रात्र. दोन्ही बाजूंचे प्रतोद एकेक डोके मोजत होते. वेल्श राष्ट्रवादी पक्षाच्या तीन खासदारांनी दगडी पाटीच्या खाणींतील आजारी कामगारांना भरपाई मिळवून देण्याच्या बदल्यात सरकारला साथ दिली. उत्तर आयर्लंडचे फ्रँक मॅग्वायर समुद्र ओलांडून लंडनला आले आणि कोणालाच मत न देता बसून राहिले. एरवी मजूर पक्षाचे स्नेही असलेले गेरी फिट सरकारविरुद्ध गेले. मजूर पक्षाचे आल्फ्रेड ब्रॉटन मृत्युशय्येवर होते. यॉर्कशायरहून रुग्णवाहिकेने आणले तर ते वाटेतच दगावतील अशी भीती होती. आजारी सदस्याच्या बदल्यात विरोधी बाजूच्या एकाने गैरहजर राहायचे, हा तिथला जुना संकेत. पुढे सांगितला गेलेला प्रसंग असा: सरकारचे उपमुख्य प्रतोद वॉल्टर हॅरिसन यांनी हुजूर पक्षाचे बर्नार्ड वेदरिल यांच्याकडे त्या संकेताची आठवण काढली. अविश्वास ठरावाला तो लागू नाही, पण शब्दाखातर मी स्वतः मत देणार नाही, असे वेदरिल म्हणाले. त्यांचे राजकीय आयुष्य त्यामुळे संपले असते. हॅरिसन यांनी त्यांना मोकळे केले.

ठराव ३११ विरुद्ध ३१० मतांनी संमत झाला. एका मताने. अविश्वासाच्या मतदानात ब्रिटिश सरकार पडण्याची ही १९२४ नंतरची पहिलीच वेळ. ब्रॉटन काही दिवसांतच वारले.

३ मे रोजी निवडणूक झाली. टर्कीची उपमा खरी ठरली: ११ पैकी ९ खासदार पडले. स्कॉटलंडने ७१ पैकी ४४ जागा मजूर पक्षाला दिल्या, पण देशाने थॅचर यांना निवडले. जूनमध्ये नव्या सरकारने तो कायदा रद्द करवून घेतला. या सरकारला मिळालेली मते एकूण पात्र मतदारांच्या जेमतेम एक तृतीयांश होती, म्हणजे स्कॉटलंडमधील होकाराच्या प्रमाणाएवढीच. तेवढ्या बळावर देश चालवता येत होता, एडिनबऱ्यात विधानसभा भरवता येत नव्हती.

पुढचा इतिहास थोडक्यात. विधानसभेसाठी कॅल्टन टेकडीवरील जुन्या रॉयल हायस्कूलच्या इमारतीत सभागृह सज्ज केले होते. ते रिकामे राहिले. १९८९ मध्ये डोईपट्टी स्कॉटलंडमध्ये इंग्लंडच्या वर्षभर आधी लादली गेली आणि 'आम्ही न निवडलेले सरकार' ही तक्रार घरोघरी पोहोचली. १९९२ च्या निवडणुकीनंतर काही कार्यकर्ते त्याच रिकाम्या इमारतीच्या दाराशी ठाण मांडून बसले आणि १,९८० दिवस बसून राहिले. १९९७ मध्ये हुजूर पक्षाचा स्कॉटलंडमध्ये एकही खासदार उरला नाही. त्या सप्टेंबरच्या सार्वमतात ७४.३ टक्क्यांनी संसदेला होकार दिला. या वेळी चाळीस टक्क्यांची अट नव्हती.

ती असती तर? १९९७ चा मुख्य प्रश्न सुमारे ४५ टक्क्यांनी तरला असता. करविषयक अधिकाराचा दुसरा प्रश्न ६३.५ टक्के मते मिळवूनही पात्र मतदारांच्या ३८ टक्क्यांवर अडकला असता. युरोपीय समुदायात राहण्याचा १९७५ चा कौल देशभरात ४३ टक्क्यांवर पार झाला असता, पण एकट्या स्कॉटलंडमध्ये तो ३६ टक्क्यांवरच होता. स्कॉटलंडचा होकार तेव्हा कोणी अपुरा मानला नाही. २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात जवळपास ८५ टक्के मतदान झाले. तिथे ही पट्टी निरुपयोगीच ठरली असती. आणि २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने पडलेली मते पात्र मतदारांच्या सुमारे ३७ टक्के होती.

कनिंगहॅम यांचा मूळ मुद्दा पोकळ नव्हता. मोठा बदल अल्पशा उत्साही गटाच्या जोरावर होऊ नये, हे डेन्मार्कही मानतो. तिथे राज्यघटना बदलायला पात्र मतदारांच्या ४० टक्क्यांचा होकार लागतो. पण डेन्मार्कचा नियम घटनेत १९५३ पासून लिहिलेला आहे आणि प्रत्येक दुरुस्तीला लागू आहे. ब्रिटनने आपला नियम एकाच वर्षी, स्कॉटलंड आणि वेल्स या दोनच ठिकाणी वापरला आणि नंतर कपाटात ठेवून दिला.

१२ मे १९९९ रोजी नवी स्कॉटिश संसद पहिल्यांदा भरली. ज्येष्ठ सदस्या म्हणून अध्यासनावर विनी यूइंग होत्या, १९६७ ची हॅमिल्टनची पोटनिवडणूक जिंकलेल्या. २५ मार्च १७०७ रोजी तहकूब झालेली संसद पुन्हा भरत असल्याचे त्यांनी जाहीर केले. ठिकाण मात्र कॅल्टन टेकडीवरचे सभागृह नव्हते. चर्च ऑफ स्कॉटलंडचे एक सभागृह तात्पुरते मागून घेतले होते.