अभंगाच्या शेवटी कोण बोलतं?

अभंगाचं शेवटचं चरण आलं की संतांची मुद्रा येते. कोण बोलतंय ते तिथं कळतं. नामदेवराय, तुकोबाराय नुसतं नाव सांगून मोकळे होतात. नरहरी महाराज नावाबरोबर सोनारकी सांगतात. जनाई स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते. आणि सोयराबाई? ती स्वतःला चोखोबांची महारी म्हणवते. हा शब्द आमच्या दिंडीत कसा गायला गेला, ते शताब्दीच्या निमित्तानं लिहून ठेवतो.

दिंडीची सगळ्यात जुनी वही विणेकऱ्यांच्या घरी आहे. कागद पिवळा पडलाय, कडा उंदरांनी कुरतडल्यात. तीत सोयराबाईंच्या अभंगात 'महारी' खोडून कुणीतरी 'दासी' केलंय. शाई निराळी, अक्षरही निराळं. हेतू वाईट असेल असं आम्ही म्हणत नाही. कुणाला लागू नये म्हणूनही केलं असेल. पण त्यानं सोयराबाई जनाईसारखी झाली आणि तिची स्वतःची ओळख पुसली गेली.

ती मंगळवेढ्याच्या चोखोबांची पत्नी, कर्ममेळ्याची आई. देहाचा विटाळ देहातच उपजतो, मग विटाळावाचूनचा देह दाखवा तरी कुठं, असा तिच्या एका अभंगाचा रोख आहे. ज्या बाईला देवळात जाता येत नव्हतं, तिनं हे विचारलंय. म्हणून तिथं तोच शब्द हवा.

चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. पंढरीचं मंदिर सर्वांना मोकळं झालं ते १९४७ साली, साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केल्यानंतर. म्हणजे आमच्या दिंडीची पहिली वीसेक वर्षं काही माउली सगळी वाट आमच्याबरोबर चालत आणि देवळाबाहेरच थांबत. हे आम्ही विसरू नये.

एकनाथ महाराजांनी तर उलटंच केलं. पैठणचे ब्राह्मण, पण भारुडात महार होऊन जोहार घालतात. आपण ते हौसेनं गातो. मात्र नाथांनी शब्द घेणं वेगळं आणि सोयराबाईनं स्वतःचा सांगणं वेगळं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या आपल्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत नंदनार आणि रविदासांबरोबर चोखोबांचं नाव घातलं, हेही इथं नोंदवतो.

काही वर्षांमागं भंडीशेगावच्या मुक्कामी यावरून वाद झाला. तरुण टाळकरी म्हणाले, मूळ शब्दच गायचा. तेव्हा आमच्यातले एक म्हातारे वारकरी, चोखोबांच्याच समाजातले, म्हणाले, "बाबांनो, सोयरामायनं तो अभिमानानं घेतला असंल. आम्ही तो शिवी म्हणून ऐकलाय. तुमच्या तोंडून आला की मला अजून तीच ऐकू येते." फडात कुणी बोलेना. त्या रात्री तो अभंग झाला नाही.

पुढच्या वारीत त्यांनी स्वतःच तो लावला. शेवटचं चरण आलं तसा मृदंग हळू झाला. ते एकटे म्हणाले, मूळ शब्दासकट, आणि मग आम्हाला हातानं खूण केली. तेव्हापासून ते चरण आधी त्यांच्या घरचं माणूस म्हणतं, मागून आम्ही. ते आता नाहीत, त्यांची नात म्हणते. नव्या छापील वहीत मूळ शब्द घेतलाय. जुन्या वहीतली खाडाखोड मात्र आहे तशीच ठेवलीय.