साचाजुळणी (गुरुत्वीय तरंगांचा वेध)

गोंगाटात बुडालेला क्षीण संकेत शोधण्याची गणिती पद्धत. अपेक्षित तरंगाचा आकार, म्हणजेच साचा, आधी सिद्धांतावरून काढतात आणि तो उपकरणाच्या नोंदीत कोठे बसतो हे तपासतात. अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील लायगो वेधशाळांच्या भुजा ४ किमी. लांबीच्या आहेत, गुरुत्वीय तरंगामुळे त्यांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान असतो. जमिनीची थरथर, आरशांची उष्णताजन्य हालचाल आणि खुद्द लेसरचा गोंगाट यांत तो हरवतो.

कृष्णविवरांची जोडी परस्परांभोवती फिरत जवळ येते, तसतशी तिच्यापासून निघणाऱ्या तरंगांची वारंवारता व तीव्रता वाढते. हा टप्पा कागदावरच्या गणिताने बराचसा हाताळता येतो, विलीनीकरणाचा क्षण मात्र नाही. तेथे आइन्स्टाइनची समीकरणे संगणकावरच सोडवावी लागतात. हे भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्स प्रिटोरियस यांना २००५ मध्ये साधले. अशा गणितांच्या आधारे कृष्णविवरांची वस्तुमाने व परिवलन बदलत साच्यांचा संच बनवतात. या पद्धतीची पायाभरणी करणाऱ्यांत पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा समावेश होतो.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिला तरंग नोंदला गेला. गंमत अशी, की त्याची पहिली सूचना ठरावीक साचा न वापरणाऱ्या शोधप्रणालीने दिली. सुमारे अडीच लाख साच्यांच्या शोधाने नंतर त्याची खात्री पटवली. सूर्याच्या ३६ व २९ पट वस्तुमानांची कृष्णविवरे एकत्र येऊन ६२ पटींचे एक झाले आणि उरलेले वस्तुमान ऊर्जारूपाने बाहेर पडले, असे अनुमान निघाले. हे आकडे कोणत्याही तबकडीवर वाचलेले नाहीत. नोंदीशी सर्वांत चांगल्या जुळलेल्या प्रतिरूपाचे ते आकडे आहेत. येथे प्रतिरूप हा निरीक्षणानंतर दिलेला अर्थ नसून उपकरणाचाच भाग ठरतो.

मग जे शोधायचे तेच सापडले, असे तर होत नाही ना? हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून एका वेधशाळेची नोंद काळात मुद्दाम सरकवून दुसरीशी ताडतात. खोटे योगायोग किती घडतात हे त्यावरून कळते. जुळलेला तरंग वजा केल्यावर निव्वळ गोंगाट उरतो का, हेही पाहतात. सप्टेंबर २०१० मध्ये तर संशोधकांची परीक्षा घेण्यासाठी मोजक्या व्यक्तींनी गुपचूप कृत्रिम संकेत उपकरणांत सोडला. संशोधकांनी त्यावर शोधनिबंधही तयार केला. खरा प्रकार मार्च २०११ मध्ये उघड करण्यात आला.

अतिनवताऱ्याच्या स्फोटातील तरंगाचा आकार आधी नेमका सांगता येत नाही, त्यामुळे तेथे ही पद्धत तोकडी पडते. स्रोताची दिशा मात्र मुख्यतः निरनिराळ्या वेधशाळांतील आगमनकाळांच्या फरकावरून ठरते आणि त्यासाठी साच्यावर फारसे विसंबावे लागत नाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील लायगो-इंडिया वेधशाळेच्या उभारणीला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली; तिच्यामुळे हा दिशावेध अधिक अचूक होईल.