बचत संपल्यावर वृद्धाश्रमाचे शुल्क कोणी भरायचे?

बंगळुरूतील खासगी वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषागृहात राहणाऱ्या ज्येष्ठांची शिल्लक संपत आली, की मासिक शुल्काचा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो. जर्मनीत १९९५ पासून आणि जपानमध्ये २००० पासून दीर्घकालीन देखभालीसाठी सार्वजनिक विमा आहे. भारतात तशी व्यवस्था नाही. आयुष्मान भारत योजना रुग्णालयातील उपचारांपुरती असून निवास, भोजन आणि दैनंदिन शुश्रूषेचा खर्च तीत येत नाही.

कायदेशीर आधार आहे तो आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ याचा. स्वतःच्या उत्पन्नातून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू न शकणाऱ्या आई-वडिलांना सज्ञान मुलामुलींकडून चरितार्थाची रक्कम मागता येते. अपत्यहीन ज्येष्ठांच्या बाबतीत ही जबाबदारी त्यांची मालमत्ता ताब्यात असलेल्या किंवा वारसाहक्काने मिळणार असलेल्या नातेवाइकांवर येते. कर्नाटकात सहायक आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय देण्याची तरतूद आहे. आई बंगळुरूत आणि मुलगा पुण्यात असेल, तर दोहोंपैकी कोणत्याही ठिकाणी अर्ज करता येतो.

अडचण रकमेची आहे. न्यायाधिकरणाला दरमहा जास्तीत जास्त १० हजार रुपयेच मंजूर करता येतात. शुल्क ३० हजार असेल, तर उरलेले २० हजार कोणी द्यायचे, याबाबत कायदा मौन बाळगतो. ही मर्यादा काढून टाकणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले होते; ते संमत न होताच २०२४ मध्ये व्यपगत झाले.

स्वतःचे घर असलेल्यांना 'रिव्हर्स मॉर्गेज'चा, म्हणजे घर तारण ठेवून बँकेकडून ठराविक रक्कम घेत राहण्याचा, सल्ला हमखास दिला जातो. येथे सावध राहणे आवश्यक आहे. राष्ट्रीय आवास बँकेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे कर्ज कर्जदार स्वतः राहत असलेल्या घरावर मिळते. तो कायमचा वृद्धाश्रमात गेला आणि सहकर्जदारही त्या घरात राहत नसेल, तर कर्ज परतफेडीस पात्र ठरते. म्हणजे ज्या कारणासाठी पैसा हवा, त्याच कारणाने तो थांबतो. पती-पत्नींपैकी एकजण घरी राहत असेल तरच हा मार्ग उपयोगी आहे. एरवी घर भाड्याने देणे किंवा विकणे हेच पर्याय उरतात.

घर मुलाच्या नावे आधीच केलेले असल्यास अधिनियमाचे कलम २३ पाहावे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. मात्र ती अट दानपत्रात स्पष्टपणे लिहिलेली असणे हिताचे ठरते.

निवृत्तिवेतन योजनांचा आधार तुटपुंजा आहे. कर्नाटकातील 'संध्या सुरक्षा' ही ६५ वर्षांवरील अल्प उत्पन्न गटातील रहिवाशांसाठी आहे. महाराष्ट्राच्या 'श्रावणबाळ' योजनेसाठी त्या राज्यात किमान १५ वर्षे वास्तव्य असावे लागते. त्यामुळे मुलाकडे बंगळुरूला आलेल्या आई-वडिलांचा पत्ता शिधापत्रिकेवर बदलण्यापूर्वी दोन्ही योजनांची पात्रता तपासणे इष्ट.

शुल्क भरणे सर्वस्वी अशक्य झाल्यास केंद्राच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्थांनी चालवलेल्या, निराधार ज्येष्ठांसाठीच्या विनामूल्य निवासांत प्रवेशाचा प्रयत्न करता येतो. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर त्याविषयी चौकशी करता येते.