श्वास
श्वास : हवा आत घेण्याची व बाहेर सोडण्याची शारीरिक क्रिया. ती झोपेतही आपोआप चालते आणि मनात आणले तर काही काळ ताब्यातही येते. भारतीय दर्शनांना कुतूहल वाटले ते या दुहेरी स्वभावाचे. पतंजलींनी तिच्या गतीला आवर घालणे म्हणजे प्राणायाम मानले. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातही प्राणाचे विवेचन येते.

महाराष्ट्रात हा विषय प्रयोगशाळेत नेला स्वामी कुवलयानंदांनी (१८८३–१९६६). लोणावळ्याला १९२४ मध्ये त्यांनी कैवल्यधाम स्थापले, ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले आणि योगक्रिया चालू असताना शरीरातील दाब मोजले. श्रद्धेच्या विषयाला मोजपट्टी लावण्याचे हे धाडस फार मोलाचे होते. श्वासाची ही क्रिया स्वतःलाही अनुभवता येते : पोटावर तळहात ठेवून सावकाश श्वास घेतला, की श्वासपटल खाली सरकून हात वर उचलला जातो. उच्छ्वासात हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून प्राणायामात रेचक (श्वास सोडणे) पूरकापेक्षा (श्वास घेण्यापेक्षा) लांबवतात.