किटली, विजेची

पाणी उकळून आपोआप बंद होणारे घरगुती विद्युत उपकरण. ती घेताना दुकानात पहिला प्रश्न वॉटचा निघतो: १५०० वॉटची घेतली तर बिल फुगेल का, कमी वॉटची परवडेल का? निवडीची ही कसोटीच चुकीची आहे. वॉट हा वीज ओढण्याचा वेग. पाण्याला किती उष्णता लागणार हे त्यावर ठरत नाही. १ लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल, म्हणजे ०.०८७ युनिट लागते. भांडे तापण्यात आणि हवेत जाणारी उष्णता धरली तरी हिशेब ०.१ युनिटच्या आसपास राहतो. १५०० वॉटची किटली हे काम साधारण ४ मिनिटांत उरकते, ७५० वॉटची दुप्पट वेळ घेते आणि त्या वाढीव वेळात उलट थोडी अधिक उष्णता गमावते. बिल वाढवते ते गरजेपेक्षा जास्त भरलेले पाणी. दोन कपांसाठी दीड लिटर उकळले तर बहुतेक वीज वाया जाते, मग किटली कितीही वॉटची असो.

पारखायची ती बंद होण्याची यंत्रणा. विजेवर पाणी तापवणारी भांडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात आली, पण पाणी आटले तरी ती तापतच राहत. ब्रिटनमध्ये रसेल हॉब्ज कंपनीने १९५५ मध्ये आपोआप बंद होणारी किटली आणली, तेव्हा ही वस्तू खऱ्या अर्थाने घरगुती झाली. तत्त्व साधे आहे. झाकणाजवळच्या फटीतून वाफ एका अरुंद मार्गाने खटक्याकडे जाते. तिथे कमीजास्त प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची जोडपट्टी असते. वाफेने ती वाकते आणि खटका पडतो. झाकण उघडे राहिले तर वाफ वरच्या वर निघून जाते, खटका पडत नाही आणि पाणी उकळतच राहते. अशी किटली बिघडली म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी झाकण घट्ट बसते का ते पाहावे. रिकामी किटली चालू राहिली तर वीज तोडणारा दुसरा खटका तळाशी असतो. खरेदीच्या वेळी ही दुहेरी सोय, आयएसआय चिन्ह आणि झाकणाची पकड पाहावी. काचेतला निळा दिवा पाहण्यात काही हशील नाही.

वॉटला महत्त्व आहे ते सॉकेटपुरते. २३० व्होल्टवर १५०० वॉटची किटली सुमारे ६.५ अँपिअर प्रवाह ओढते, आणि आपल्याकडच्या भिंतीवरचे नेहमीचे लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. म्हणून ती १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटवरच लावावी. चार मिनिटांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. चांगल्या स्थितीतल्या सॉकेटवर कदाचित काहीच बिघडणार नाही. पण संपर्क सैल झाला असेल तर तिथे निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि रोज चार-चार मिनिटे तापून प्लास्टिक काळे पडते. वसतिगृहाच्या खोलीत एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर किटली आणि इस्त्री लावणे तर धोक्याचेच. अर्थिंग नसलेल्या जागी धातूची किटली वापरूच नये.

गॅस असताना किटली कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तेवढेच पाणी गॅसवर उकळायला साधारण १० ते १२ ग्रॅम एलपीजी लागतो. आपापल्या दराने हिशेब केला तर खर्चात फार मोठा फरक पडत नाही. शिवाय कोळशावरच्या वीजकेंद्रात इंधनातली बरीच उष्णता आधीच वाया गेलेली असते, त्यामुळे किटलीला पर्यावरणस्नेही म्हणण्याची घाई नको. तिची बाजू भक्कम आहे ती वेगळ्या कारणाने: ज्योत नाही, पाणी विसरले तरी भांडे जळत नाही, म्हणून एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आणि विद्यार्थ्यांना ती गॅसपेक्षा सुरक्षित पडते.

आपला आले घालून दुधात उकळलेला चहा मात्र तिच्यात होत नाही, आणि करू नये. दुधातली प्रथिने तापलेल्या तळाला चिकटून करपतात. दूध फसफसून वर येते, वाफेच्या मार्गात शिरते आणि सुकल्यावर तो मार्गच बुजवते. मग खटका नीट पडत नाही. नूडल्स आणि अंडी उकळायची असतील तर रुंद तोंडाचे, तापमान कमी-जास्त करता येणारे वेगळे भांडे मिळते, ते घ्यावे.

साध्या पाण्यानेही किटलीचा तळ पांढरा होतो. बोअरच्या जड पाण्यातले विरघळलेले बायकार्बोनेट तापल्यावर कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसते. हा थर उष्णता अडवतो आणि तळ गरजेपेक्षा जास्त तापतो. खाण्याच्या सोड्याने तो जात नाही, कारण त्याला आम्ल लागते. अर्ध्या किटली पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड किंवा एका लिंबाचा रस घालून उकळावे, अर्धा तास तसेच ठेवून ओतावे आणि एकदा साधे पाणी उकळून तेही ओतून द्यावे. तारेच्या घासणीने तळ खरवडू नये. ओरखड्यांत पुढचा थर अधिक घट्ट धरतो.