परवाना आहे, पण झाकलेला: केंद्रकात निरोप कसा पोचतो याचा इतिहास

दौलताबादचा किल्ला म्हटलं की आधी आठवतो तो खंदक, त्यावरचा अरुंद पूल आणि पुढची अंधारी. येणाऱ्याला वाटेतच अडवायचं, असा तिथला हिशोब. पेशीच्या केंद्रकाबद्दलही आपण तसंच धरून चालतो: आवरणाला रंध्रं आहेत, तिथे पहारा आहे, परवाना दाखवला की आत. हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कसं हाती लागलं, ते संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी जरूर वाचावं.

परवाना आधी सापडला. १९८४ मध्ये कॅल्डेरॉन आणि सहकाऱ्यांनी एसव्ही-४० विषाणूच्या लार्ज टी अँटिजेन या प्रथिनात सात अमिनो आम्लांचा एक तुकडा दाखवला. त्यातलं एकच लायसिन बदललं, तर प्रथिन केंद्रकाबाहेर राहतं. तोच तुकडा दुसऱ्या प्रथिनाला जोडला, तर ते आत जातं. लहान रेणू, साधारण ४० किलोडाल्टनपर्यंतचे, रंध्रातून आपोआप झिरपतात. मोठ्यांना असा परवाना लागतो, आणि तो ओळखून आत नेणारा वाहक, म्हणजे इम्पोर्टिन.

आता प्रश्न असा: परवाना जर प्रथिनाच्या अंगावरच कोरलेला असेल, तर निरोप्या प्रथिनं एरवी बाहेर का थांबतात?

१९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना बी पेशींच्या केंद्रकात अँटिबॉडीच्या कॅपा जनुकाशी बांधला जाणारा एक घटक मिळाला. तोच एनएफ-कॅपा-बी. अपरिपक्व बी पेशींत तो दिसत नव्हता. जिवाणूंचं लिपोपॉलिसॅकराइड दिलं की दिसायला लागायचा. साहजिक वाटेल की तो नव्याने तयार होत असणार. पण सायक्लोहेक्झिमाइड देऊन प्रथिननिर्मिती बंद केली, तरीही तो दिसलाच! म्हणजे माल आधीपासून तयार होता. मग होता कुठे?

१९८८ मध्ये पॅट्रिक बॉयर्ले आणि बाल्टिमोर यांनी न उद्दीपित केलेल्या पेशींचा पेशीद्रव घेतला. त्यात डीएनएला चिकटणारं काही दिसेना. मग त्यात डीऑक्सिकोलेट मिसळलं. हे डिटर्जंट प्रथिनांची एकमेकांवरची पकड सैल करतं. आणि एनएफ-कॅपा-बी हजर! त्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं नाव पडलं आय-कॅपा-बी. पुढच्या काही वर्षांत कळलं की ते एनएफ-कॅपा-बीचा परवानाच झाकून ठेवतं. अडवणूक फक्त दरवाज्यात होत नव्हती. निरोप्याला बाहेरच मिठी मारून बसवलेलं होतं.

सुटकेची रीतही नव्वदच्या दशकात उलगडली. बाहेरून संदेश आला की आयकेके हे एन्झाइम आय-कॅपा-बी-अल्फावरच्या ३२ आणि ३६ क्रमांकाच्या सेरिनला फॉस्फेट जोडतं. त्यावर युबिक्विटिनची खूण बसते आणि प्रोटिअझोम त्याचा चुरा करतो. परवाना उघडा पडतो, इम्पोर्टिन येतं. गंमत म्हणजे आत गेल्यावर एनएफ-कॅपा-बी जी जनुकं चालू करतं, त्यात आय-कॅपा-बी-अल्फाचंही जनुक असतं. आपला पहारेकरी आपणच पुन्हा उभा करायचा!

हा पहारा ढिला पडला की दाह थांबत नाही. अनेक कर्करोगांतही एनएफ-कॅपा-बी सतत जागं असतं. मल्टिपल मायलोमासाठी अमेरिकेत २००३ मध्ये मंजूर झालेलं बोर्टेझोमिब प्रोटिअझोम रोखतं. त्याचे परिणाम इतरही आहेत, पण सुरुवातीच्या विचारात ही साखळी महत्त्वाची होती.

तुमच्यासाठी यातलं काय घ्यायचं? वेस्टर्न ब्लॉटवर एकूण प्रथिन तेवढंच दिसलं, म्हणून 'काही बदल नाही' असं वहीत लिहून मोकळं होऊ नका. केंद्रक आणि पेशीद्रव वेगळे करून बघा. प्रथिन कुणाला धरून बसलंय, ते को-इम्युनोप्रेसिपिटेशनने तपासा. 'किती आहे?' याच्या पाठोपाठ 'कुठे आहे?' आणि 'कुणासोबत आहे?' हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.